आंतरराष्ट्रीय धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासातून नेमके काय हाती लागते

आंतरराष्ट्रीय धोरण हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी जागतिक घडामोडींविषयीची ठाम मते घेऊनच वर्गात येतात आणि पहिल्याच सत्रात काहीसे नाउमेद होतात, कारण तिथे मतांना फारशी किंमत नसते. तिथे विचारले जाते ते वेगळेच: करार पाळला जातो की नाही हे कोण तपासणार, खर्च कोण उचलणार, आणि एखादा देश बाहेर पडला तर त्याचे काय बिघडणार? कोणताही करार हाती आला की हे तीन प्रश्न आपसूक पडू लागणे, ही मला या शिक्षणाची सर्वांत टिकाऊ कमाई वाटते.

हे प्रश्न किती दूरवर नेतात, ते दोन करार शेजारी ठेवल्यावर कळते. ओझोनच्या थराला अपाय करणाऱ्या रसायनांवरचा १९८७ चा माँट्रियल करार वाचताना आधी त्यातील उद्दिष्टांकडे लक्ष जाते. पण त्याचे खरे बळ अन्य तरतुदींत आहे. विकसनशील देशांना निर्बंध लागू होण्यापूर्वी दहा वर्षांची सवलत मिळाली, १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत त्यांच्यासाठी बहुपक्षीय निधीची सोय झाली, आणि कराराबाहेर राहणाऱ्या देशांशी या रसायनांचा व्यापार करण्यावर बंधने आली. थोडक्यात, आत येणे सुकर झाले आणि बाहेर राहणे महाग. याउलट हवामान तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन घटवण्यासाठीच्या १९९७ च्या क्योटो करारावर अमेरिकेने स्वाक्षरी केली, पण त्याचे अनुमोदन, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेणारी अंतिम मंजुरी, कधीच दिली नाही. किंबहुना क्योटोची परिषद भरण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी आपला विरोध नोंदवून ठेवला होता. पुढे २०११ मध्ये कॅनडाने माघार जाहीर केली, तेव्हा बाहेर पडणाऱ्याला दंड करण्याची कोणतीही तरतूद करारात नव्हती. अर्थात, शीतकपाटातील वायू बदलणे आणि अख्ख्या अर्थव्यवस्थेचे इंधन बदलणे या सारख्या गोष्टी नव्हेत. हा फरक विसरून केलेली तुलना कोणताही चांगला प्राध्यापक दोन मिनिटांत मोडीत काढतो, आणि ते योग्यच आहे.

अर्थशास्त्र आणि सांख्यिकी या विषयांना नवे विद्यार्थी बिचकतात. माझा सल्ला मात्र असा की, ऐच्छिक विषय निवडताना एखाद्या प्रदेशाच्या चालू राजकारणावरचा विषय सोडावा लागला तरी चालेल, सांख्यिकीचा दुसरा टप्पा सोडू नये. प्रदेशाविषयी पुढे आपले आपण वाचता येते. आकडेवारीवर संशय घेण्याची शिस्त एकट्याने लावून घेणे कठीण असते. एक साधे उदाहरण पाहा. एका देशाने दुसऱ्याला केलेली निर्यात आणि त्या दुसऱ्या देशाने नोंदवलेली आयात हे आकडे एकच असायला हवेत, पण ते सहसा जुळत नाहीत. निर्यातीचे मूल्य साधारणपणे माल जहाजावर चढेपर्यंतचे धरले जाते, तर आयातीच्या मूल्यात बहुधा वाहतूक आणि विमा यांचाही खर्च मिळवलेला असतो. शिवाय तिसऱ्या देशातील बंदरातून फिरून आलेला माल दोन्हीकडे वेगवेगळ्या देशांच्या नावे पडू शकतो. त्यामुळे व्यापारी तुटीवरून दोन सरकारे भांडत असतात तेव्हा दोघेही आपापल्या नोंदींनुसार खरेच बोलत असण्याची शक्यता असते. हे एकदा कोष्टके समोर ठेवून स्वतः ताडून पाहिले की, वर्तमानपत्रातील तुटीचा आकडा पूर्वीसारखा भाबडेपणाने वाचता येत नाही.

वर्गातील अभिरूप वाटाघाटींकडे, म्हणजे विद्यार्थ्यांनीच देशांचे प्रतिनिधी होऊन केलेल्या सरावाकडे, अनेकजण वक्तृत्वस्पर्धा म्हणून पाहतात. प्रत्यक्षात भाषणांपेक्षा मसुद्याचे काम अधिक शिकवते. ज्या मजकुरावर एकमत झालेले नसते तो चौकटी कंसात ठेवण्याचा प्रघात खऱ्या परिषदांमध्ये आहे, आणि तो वर्गातही पाळला जातो. कोणता कंस अखेरपर्यंत धरून ठेवायचा आणि कोणता दुसऱ्या कलमाच्या बदल्यात सोडायचा, हे ठरवताना आपल्याच देशातील संसद, उद्योग आणि शेतकरी यांना काय पटवता येईल याचाही हिशेब करावा लागतो.

लेखनाची सवय तर मुळापासून बदलते. निबंधात निष्कर्ष शेवटी येतो; धोरण-टिपणात तो पहिल्या परिच्छेदात यावा लागतो, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या बैठकीपूर्वी निर्णय घ्यायचा असतो. दोन पानांत शिफारस, नाकारलेले पर्याय आणि ते नाकारण्याची कारणे बसवायची, म्हणजे आपण मेहनतीने गोळा केलेला निम्मा मजकूर स्वतःच्या हाताने कापायचा. सुरुवातीला हे जिवावर येते.

नोकरीविषयी थोडेसे. संयुक्त राष्ट्रांचे आकर्षण स्वाभाविक आहे, परंतु त्यांच्या सचिवालयातील उमेदवारी (इंटर्नशिप) बिनपगारी असते, आणि तरुण व्यावसायिकांसाठीच्या त्यांच्या परीक्षेला वयाची मर्यादा असून त्या त्या वर्षी सहभागी असलेल्या देशांच्याच नागरिकांना ती देता येते. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची यादी पाहून घ्यावी. मंत्रालये, संशोधन संस्था, विकास बँका आणि सल्लागार कंपन्या यांच्याकडेही याच विषयाची माणसे लागतात, आणि निवडीच्या वेळी अनेक ठिकाणी उमेदवाराला एखादे टिपण ठरावीक वेळात लिहायला देतात. म्हणून पहिल्या सत्रापासून आपली दोन-तीन उत्तम टिपणे, प्राध्यापकांच्या सूचनांनुसार सुधारून, नमुना म्हणून तयार ठेवावीत.