जनावराची जीभ कशी तपासायची: गाय, शेळी आणि अल्पाका

पुण्यात कोथरूडला राहणारी माझी पुतणी परवा विचारत होती, आत्या, व्हिडिओतला अल्पाका पिल्लाला चाटत का नाही गं? म्हटलं आधी फुरसुंगीला ये, आपली गाय बघ. बांधावर सोडली की ती जीभ लांब काढते, गवताच्या झुबक्याला विळखा घालते आणि मान झटकून ओढते, कर्रकन आवाज येतो. वरच्या जबड्याला पुढे दातच नाहीत, नुसती टणक हिरडी, खाली ८ दात, म्हणून ओढायचं काम जिभेचं. शेळी मात्र ओठांनी पान पान निवडते.

अल्पाका दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, उंटाच्या भाऊबंदांतला. त्याचा वरचा ओठ मधोमध चिरलेला, दोन्ही भाग वेगवेगळे हलतात, तोच गवत धरतो. जीभ खालून बांधल्यासारखी असते, जेमतेम एक-दीड सेंटीमीटर बाहेर येते, मग चाटणार कशी? आई पिल्लाला नाक लावते आणि हुंकार देत राहते.

आता तपासणी. आधी लांबून बघा. लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, वागणं बदललंय असं दिसलं तर तोंडात हात अजिबात घालू नका, रेबीज असू शकतो, घशात काहीतरी अडकलंय समजून लोक हात घालतात आणि तिथंच घात होतो. सरळ डॉक्टरांना बोलवा.

तसं काही नसेल तर एकाने डोकं घट्ट धरायचं, दुसऱ्याने हातमोजे घालून ओठाच्या कडेने, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून बोटं आत घालायची आणि जीभ हळूच बाजूला काढायची. दाढांकडे बोट न्यायचं नाही. अल्पाकाची जीभ ओढायचीच नाही, ओठ उचलून बघायचं.

फोड किंवा सोललेली कातडी दिसली तर लाळ्या खुरकूत असू शकतो, लगेच खूरही बघा आणि ते जनावर वेगळं बांधा. गाईची जीभ सुजून लाकडासारखी कडक लागली तर वुडन टंग, यात जखमेतून जंतू शिरतात, लवकर औषध मिळालं तर बरी होते. जिभेच्या मागच्या उंचवट्यापुढे एक खळगा असतो, त्यात कुसळं अडकतात, तिथे नीट बघा. शेळीच्या जिभेवर जन्मापासूनचे काळे डाग असतील तर घाबरू नका.

गाईच्या जिभेवरून मागून पुढे बोट फिरवलं की कानशीसारखं लागतं, कारण बारीक काटे घशाकडे वळलेले असतात. घास आत सरकतो, परत येत नाही, त्यामुळे चाऱ्यात तार आली तरी गाय ती गिळूनच टाकते. पेंढीची तार गव्हाणीत टाकायच्या आधी काढा, कुट्टीवरून चुंबक फिरवा.