घराचं छप्पर किती दिवसांत बदलतं? बडोद्यात आम्ही केलेल्या या चुका टाळा

"थई जशे, बेन. आठ दिवसनुं काम छे."

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या ओसरीवर चहा पिता पिता ठेकेदार असं म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. दांडिया बाजारामागच्या गल्लीतलं आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, वरचा माळा कौलारू. आठ दिवसांचे एक्केचाळीस झाले. त्यातल्या नऊ रात्री डोक्यावर फक्त ताडपत्री होती आणि दोन रात्री वादळात तीही उडाली. सासूबाई खालच्या खोलीतून दर अर्ध्या तासाने हाक मारत होत्या, "अगं, माळ्यावरचं पितळेचं तपेलं भरलं का बघ." ते खरोखर भरलेलं असायचं.

काम संपल्यावर वही घेऊन बसले. छपरावर माणसं प्रत्यक्ष होती ११ दिवस. लाकडाची वाट पाहण्यात ९ गेले, कमी पडलेल्या कौलांसाठी ७, पावसात ६, आणि मजूर गावी पेरणीला गेले त्यात ८. म्हणजे ठेकेदाराचा अंदाज फक्त तीन दिवसांनी चुकला होता. बाकीचे तीस दिवस कुणी मोजलेच नव्हते, आम्ही तर नाहीच. त्यामुळे आता कुणी छपराचं विचारलं की मी आधी विचारते, "घर उघडं किती रात्री राहील?" दिवस त्यानंतर.

दुसऱ्याच्या छपराचे दिवस आपल्या छपराला लावू नका

बडोद्यात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी न्यू जर्सीत असतं. आमचा भाचा आहे. त्याने व्हिडिओ पाठवला: सकाळी सात-आठ जणांची टोळी आली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छप्पर नवं. ते खरंच आहे, तिकडे साध्या घराला एक ते तीन दिवस लागतात. पण ते छप्पर ॲस्फाल्टच्या शिंगल्सचं असतं. त्याखाली प्लायवूडसारख्या तक्त्यांचा सलग थर असतो, तो चांगला असेल तर वरचं सोलायचं आणि नवं ठोकायचं. आपल्याकडे कौल काढलं की खाली रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, रिपांखाली वासे आणि त्यांच्यामधून थेट आपली गादी.

म्हणून आधी नेमकं काय करणार ते ठरवा. जुनीच कौलं उतरवून, धुऊन, फुटकी बदलून परत लावायची, म्हणजे शाकारणी, तर पाच-सहाशे चौरस फुटांना चार माणसांचे तीन दिवस पुरतात. वासे-रिपांसकट सगळं नवं करायचं तर तीन-चार आठवडे धरा. लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रे बसवायला पाच-सहा दिवस लागतात, पण त्याआधी वर्कशॉपमध्ये कैच्या, म्हणजे सांगाड्याचे त्रिकोण, जोडायला आणि मापाचे पत्रे कापून यायला एक आठवडा जातो. जुनं पाडून स्लॅब टाकायचा तर दीड-दोन महिन्यांखाली कुणी सांगितलं तर चहा पाजा आणि दुसरा ठेकेदार बघा.

जमिनीचं माप छपराला देऊ नका

ही चूक माझी स्वतःची. खोलीचं माप ५०० चौरस फूट. शंभर चौरस फुटांना साधारण १५० मंगळुरी कौलं लागतात हे मला माहीत होतं. गुणाकार केला, ७५० कौलं सांगितली आणि स्वतःवर खूश झाले.

छप्पर उतरतं असतं हे डोक्यातच आलं नाही. ३० अंशांच्या उताराला ५०० चे ५७७ होतात. वळचण भिंतीच्या बाहेर दोन्हीकडे फूट-दीड फूट येते, ती धरली की साडेसहाशे. म्हणजे ९७५ कौलं, त्यावर फूटतुटीची शेकडा दहा. आमची तीनशेच्या वर कमी पडली. मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, जुन्या कौलांनी तात्पुरतं झाकून सात दिवस बसलो, कारण तेवढ्यासाठी वेगळी गाडी कुणी पाठवत नाही, दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर येईल तेव्हा येतो. इथल्या दुकानातून तीनशे घेऊन काम भागवावं म्हटलं, तर त्यांची खाच आमच्या कौलात बसेना. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं दिसायला सारखी असली तरी एकमेकांत अडकत नाहीत. सगळा माल एका साच्याचा आणि एकदमच घ्या. पत्र्यांनाही हाच नियम, तिथे आडव्या सांध्याला सहा इंचांचा चढाव (पत्र्यावर पत्रा येतो तो) धरायला विसरू नका.

सगळं छप्पर एकदम उघडू नका

आमच्या एक्केचाळीस दिवसांचं मूळ इथे आहे. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी दोन्ही पाखी मोकळी केली. खालून वासे ठणठणीत दिसत होते, वलसाडी सागाचे, तेलपाणी केलेले. कौलं निघाल्यावर कळलं की चौदापैकी सहा वाशांची भिंतीत गेलेली टोकं उधईने, म्हणजे वाळवीने, पोखरली आहेत. सुताराने बोट लावलं तर लाकूड रव्यासारखं गळायला लागलं. मग वखारीत जाणं, जाडीचं लाकूड निवडणं, कापून घेणं, वाळवीचं औषध लावणं, यात नऊ दिवस गेले. या सगळ्या काळात घर आकाशाखाली.

हे आधी कळू शकलं असतं. माळ्यावर चढायचं, हातात टोच्या किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, आणि प्रत्येक वासा भिंतीत शिरतो तिथे टोचून बघायचं. लोणी कापल्यासारखा आत गेला तर तो वासा यादीत. वळचणीजवळचे दोन वासे, पन्हळीखालची जागा आणि शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेली बाजू आधी तपासा, पाणी तिथे मुरतं. याला एक दुपार लागते.

मग नियम असा: नवे वासे, रिपा, कौलं आणि खिळे घरात येऊन पडल्याशिवाय एकही जुनं कौल हलवायचं नाही. उघडायचं ते एकेक पाखं, तेही संध्याकाळपर्यंत झाकता येईल एवढंच. दुपारी चारनंतर काढणं बंद, फक्त लावणं. यात मजुरीचे दोन दिवस वाढतात, ठेकेदार कुरकुर करतो. करू दे.

पंचांग न बघता तारीख ठरवू नका

मुहूर्तासाठी नाही, मजुरांसाठी. बडोद्यातले बरेचसे बांधकाम मजूर दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे. होळी आली की ते गावी जातात आणि मेळे आटोपल्याशिवाय परतत नाहीत. कवांटचा मोठा मेळा तर होळीनंतरच भरतो. पुन्हा पहिला पाऊस पडला की मक्याच्या पेरणीला जातात. यात त्यांची चूक काहीच नाही, शेत त्यांचं आहे. आपणच जूनच्या तोंडावर काम काढतो. दिवाळीलाही लाभपंचमीपर्यंत दुकानं उघडत नाहीत, वखार तर नाहीच.

पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, पण त्याआधीची वादळं सांगून येत नाहीत. आमची ताडपत्री जूनच्या पहिल्या आठवड्यातच उडाली. हिवाळ्यातही एखादं मावठं, म्हणजे अवकाळी पाऊस, होतं.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ म्हणजे वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस) संपल्यापासून होळीपर्यंतचा. उत्तरायणाच्या आधी कौलं लावून घेणं तर वेडेपणाच, कारण १४ आणि १५ जानेवारीला कापलेल्या पतंगामागे अख्खी पोळ, म्हणजे गल्लीतली सगळी वस्ती, छपरांवरून धावते. आधी धावू द्या, मग नवी कौलं लावा.

स्लॅब टाकणार असाल तर टेकू मोजून काढा

कौलांच्या जागी स्लॅब म्हणजे दुरुस्ती राहत नाही, नवं बांधकाम होतं. महापालिकेची मंजुरी आणि इंजिनिअरचा आराखडा आधी. जुन्या चुन्या-मातीच्या भिंतीवर कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो असतं. पाच इंची स्लॅबचं तीनशेच्या वर. भिंत ते पेलेल का, हे कडियाच्या (गवंड्याच्या) अंदाजावर सोडू नका.

वेळेची घाई होते ती भरल्यानंतर. स्लॅब एका दिवसात भरतो, सगळे पेढे खातात आणि चौथ्या दिवशी सेंट्रिंगवाला (स्लॅबखालचा साचा लावणारा) टेकू मागायला येतो, कारण त्याला ते दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, आणि तुळईखाली ६ मीटरपर्यंत १४ दिवस ठेवायचे असतात. हल्ली बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, असतात, त्यांना ताकद यायला जास्त वेळ लागतो. इंजिनिअरने हो म्हटल्याशिवाय टेकू हलवू नका. पाणी मारणं अशा सिमेंटला उन्हाळ्यात १४ दिवस धरा. बडोद्याच्या मे महिन्यात सकाळी एकदा पाइप फिरवून काही होत नाही. कडेने मातीचे बांध घालून पाणी साठवून ठेवा.

त्यानंतर पाणी वाहून जावं म्हणून उताराचा कोबा आणि वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, आणखी आठवडाभर. मोझॅकच्या आधी पाण्याचं तोंड बंद करून गच्चीत ४८ तास पाणी उभं ठेवा आणि खाली छताकडे बघा. ओल आली तर ती आत्ताच कळलेली बरी.

लहान वाटतात पण दिवस खातात

पोळीत ट्रक शिरत नाही, माल हातगाडीने येतो. राडारोडा बाहेर काढायलाच दोन दिवस लागतात. सामाईक भिंतीवरच्या शेजाऱ्याला आधी सांगा, नंतर सांगितलं तर काम अडतं. छपरावर सौर पॅनेल असतील तर ती काढणाऱ्याची आणि परत लावणाऱ्याची तारीख आधी घ्या. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर ग्राइंडर लावू नका, फोडू नका. ओले करून, बोल्ट सोडून, अख्खे उतरवा, मास्क घालून. त्यांच्यावर पाय तर कधीच देऊ नका, पत्रा तुटतो आणि माणूस खाली.

काम अडकलंच तर

ठेकेदार फोन उचलत नसेल तर भांडण नंतर, आधी छप्पर झाका. ताडपत्री आढ्यावरून दोन्हीकडे सोडा, कडा वळचणीखाली घेऊन रिपेला बांधा. वर नुसत्या विटा ठेवल्या तर वारा विटांसकट नेतो, आमच्या दोन विटा शेजाऱ्यांच्या तुळशीत सापडल्या. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर, हे आधीच कागदावर घ्या.

काम झाल्यावर गळत असेल तर डाग दिसतो तिथे सिमेंट थापू नका. पाणी वाशावरून घरंगळत येतं, भोक डागाच्या वरच्या अंगाला असतं. एकाने माळ्यावर टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने पाइप घेऊन वळचणीपासून सुरुवात करून दहा-दहा मिनिटांनी वर सरकायचं. जिथे थेंब दिसेल त्या ओळीतलं कौल. आमचं गळणं अखेर आढ्यावर निघालं, मोभिया (आढ्यावरची कौलं) बसवताना चुन्याला भेग राहिली होती. पत्र्याचं छप्पर असेल तर स्क्रूखालचं रबर बघा, जास्त आवळलं तरी फाटतं.

आणि उरलेली कौलं ठेकेदाराला परत नेऊ देऊ नका. आमची साठेक माळ्याच्या कोपऱ्यात उभी रचून ठेवली आहेत. गेल्या उत्तरायणाला त्यातली चार लागली.