गाडीला मोठी बॅटरी टाकताय? आधी टेप घ्या

३५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) जागी ४५ एएच टाकली तर वायरिंग जळेल असं बरेच जण सांगतात, पण तसं काही नसतं, व्होल्टेज १२च राहतं आणि स्टार्टर त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो. खरी भानगड मापाची. ट्रेची लांबी-रुंदी मोजा, उंची पण बघा, नाहीतर बॉनेट टर्मिनलला टेकलं की शॉर्ट! प्लस कुठल्या बाजूला आहे ते जुन्या बॅटरीचा फोटो काढून दुकानात दाखवा, उलटी आली तर केबल पोचत नाही (आणि ओढूनताणून तर अजिबात लावू नका). स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू होणारी) गाडी असेल तर साधी नको, ईएफबी किंवा एजीएम (वारंवार स्टार्ट झेलायला बनवलेल्या बॅटऱ्यांचे प्रकार), जी कंपनीने दिलीय तीच. आणि रोज दोन किलोमीटरच फिरत असाल तर मोठी घेऊनही ती अर्धवटच चार्ज राहणार.