साठीनंतर दिल्ली पायी बघायची असेल तर

दिल्लीत एका दिवसात लाल किल्ला, कुतुबमिनार आणि इंडिया गेट उरकायला जाऊ नका. निवृत्त जोडप्याने लोधी रोड हा एकच रस्ता धरावा. त्याच्या एका टोकाला सफदरजंगची कबर (1754) आहे, दुसऱ्या टोकाला हुमायूनची, आणि मध्ये लोधी गार्डन.

सकाळी मेट्रोने जोरबागला उतरा. सफदरजंगचं आवार तिथून अगदी जवळ आहे. ते बघून रमतगमत लोधी गार्डनमध्ये जा. तिथे तिकीट नाही, सावली भरपूर, बसायला बाकं. सिकंदर लोधीच्या कबरीजवळचा अकबराच्या काळातला आठ खांबांचा दगडी पूल, अठपुला, बहुतेक लोक न बघताच परततात. तिथे निवांत थांबा, घरून आणलेले पराठे खा.

पुढचे साधारण तीन किलोमीटर चालू नका, सरळ रिक्षा करा. गुडघे हुमायूनच्या कबरीसाठी राखून ठेवायचे आहेत! तिथल्या चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आणि चढाच्या आहेत. एकाला जमत नसेल तर त्याने खाली बागेतच बसावं. पाण्याच्या पाटांमधून दिसणारी ती इमारत खालूनही तितकीच देखणी आहे, आणि उन्हं कलताना तिचा तांबडा दगड जो उजळतो तो बघायला तरी चारनंतरच पोचा.

फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, सकाळी उशिरा निघा.