तल्लफ आली तर ‘फॉर’ लावू नका

शिवाजीनगर कोर्टाबाहेर मी बावीस वर्षं टायपिंग केलं. दाव्यात एक ओळ हमखास यायची: ‘द प्लेंटिफ क्रेव्ज लीव्ह टू रेफर टू...’ म्हणजे वादी अमुक कागदाचा आधार घ्यायची परवानगी मागतोय. त्यामुळे ‘क्रेव्ह’ म्हणजे विनवणी, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. (एकदा घाईत ‘आर’ आणि ‘ए’ची अदलाबदल झाली, क्रेव्हचं कार्व्ह झालं आणि वादी परवानगी कोरायला बसला. वकीलसाहेबांनी सही करताना पकडलं.)

तो जुना अर्थ. कोर्टाबाहेर क्रेव्ह म्हणजे सरळ तल्लफ.

माझ्या भाचीला सातवा महिना लागलाय. परवा तिनं ऑफिसातल्या मैत्रिणीला लिहिलं, ‘आय ॲम क्रेव्हिंग फॉर टॅमरिंड.’ म्हटलं, बाई, तो ‘फॉर’ काढ. आपल्याला चिंचे‘ची’ तल्लफ येते ना, तो ‘ची’ मनात घोळत असतो आणि बोट आपोआप ‘फॉर’ टाइप करतं. क्रेव्हच्या पुढे वस्तू थेट ठेवायची: ‘आय ॲम क्रेव्हिंग टॅमरिंड.’ कुणी फॉर लावतं, नाही असं नाही, पण नसलेलं बरं. नाम केलंत तर मात्र हवाच: ‘आय हॅव अ क्रेव्हिंग फॉर टॅमरिंड.’ आणि डोहाळे म्हणजे प्रेग्नन्सी क्रेव्हिंग्ज. आपला शब्द किती गोड, त्यांचा अगदी केसपेपरवरचा.

‘लाँग’ म्हणजे ओढ. याला फॉर लागतो, पुढे क्रियापद असलं तर टू: ‘शी लाँग्ज टू गो होम.’ ‘यर्न’चंही तसंच, पण तो जास्त व्याकूळ. मिसळीसाठी यर्न वापरलंत तर लोक हसतील. ‘हँकर आफ्टर’मध्ये हाव आहे, कधीकधी किंचित हिणवणंही असतं. ‘कव्हेट’ म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा, आणि पुढे फॉर नाही. गंमत म्हणजे ‘कव्हेटेड’ पारितोषिक मात्र मानाचं!

लिहिण्याआधी मनात मराठी शब्द कुठला आला ते बघा: तल्लफ, ओढ, हाव की डोळा? इंग्रजी शब्द त्यावरून निवडा.

भाचीनं शिकवणी भलतीच मनावर घेतली. काल मंडईत होते, तेवढ्यात मेसेज आला: ‘मावशी, चिंच आण. आय ॲम वेटिंग यू.’