अमेरिकेत पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळायचंय? आधी तुम्ही कुठल्या राज्यात बसलाय ते बघा

दर दिवाळीला कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये पत्ते निघतात, तीन पत्तीवरून गाडी पोकरवर येते आणि मग नवीन आलेला एखादा मुलगा विचारतोच, "दादा, इथे ऑनलाइन पोकर लीगल आहे का?" आणि दहा जण दहा उत्तरं देतात. मी आधी वॉशिंग्टन राज्यात रेडमंडला होतो, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला आहे, म्हणजे या बाबतीत देशातलं सगळ्यात कडक राज्य आणि सगळ्यात मोकळ्यांपैकी एक, दोन्हीत राहून झालंय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, "अमेरिकेत लीगल आहे का" हा प्रश्नच चुकतो. अख्ख्या देशाला लागू होणारा आणि पोकर खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा फेडरल कायदा नाहीये. २००६ चा जो कायदा सगळे सांगतात, यूआयजीईए (बेकायदा इंटरनेट जुगाराविरुद्धचा कायदा), तो पैसे फिरवणाऱ्यांवर आहे, म्हणजे बेकायदा साइटसाठी पैसे घेणारी कंपनी आणि ते पोचवणारे लोक, खेळणारा त्यात येत नाही. १९६१ चा वायर अ‍ॅक्ट आहे, म्हणजे फोन-तारेवरून बेटिंग चालवणाऱ्यांवरचा फेडरल कायदा, त्याचं घोडं बरीच वर्षं अडलं होतं, २०११ च्या शेवटी न्याय खात्याने सांगितलं की तो फक्त खेळांवरच्या बेटिंगला लागू, मग त्याच खात्याने २०१८ मध्ये मत फिरवलं आणि जानेवारी २०२१ मध्ये बोस्टनच्या फेडरल अपील कोर्टाने न्यू हॅम्पशायर लॉटरीच्या केसमध्ये परत सांगितलं की हो, फक्त स्पोर्ट्स. मग उरलं काय, तर राज्याचा कायदा. आणि राज्य कुठलं धरायचं, तर खेळताना तुम्ही ज्या जमिनीवर बसलाय ते. तुमचं लायसन्स कुठलं, भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट कुठलं, ऑफिस कुठे, याचा काही संबंध नाही.

हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातून लायसन्सवाली साइट उघडता येत नाही, पण तोच माणूस पाथ ट्रेन पकडून न्यू जर्सीतल्या होबोकनला उतरला आणि कॉफी शॉपमध्ये बसला तर तिथून खेळू शकतो, आणि ते शंभर टक्के कायदेशीर आहे. उलट मी एडिसनचा असूनही शनिवारी न्यू यॉर्कमध्ये फ्लशिंगला मावशीकडे गेलो की माझं अ‍ॅप टेबलवर बसूच देत नाही.

तर लायसन्स घेऊन ऑनलाइन पोकर चालतं अशी राज्यं सहा : नेवाडा, न्यू जर्सी, डेलावेअर, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि वेस्ट व्हर्जिनिया. नेवाडात एप्रिल २०१३ ला पहिली साइट सुरू झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेलावेअर आणि आमचं जर्सी. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये कायदा केला पण पत्ते पडायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला, मिशिगन २०२१ च्या जानेवारीत. वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा २०१९ चा, तरी कितीतरी वर्षं एकही पोकर रूम नव्हती. कारण सोपं आहे, कसिनोच्या स्लॉटला एक माणूस पुरतो, पोकरला समोर माणसं लागतात, आणि छोट्या राज्यात रात्री अकराला चार टेबलंसुद्धा भरत नाहीत. कनेक्टिकटमध्येही हेच, तिथे ऑनलाइन कसिनो २०२१ पासून आहे पण पोकर रूम काढायला कोणी आलं नाही. डेलावेअरमध्ये तर २०२३ च्या शेवटी ऑपरेटर, म्हणजे साइट चालवणारी कंपनी, बदलला तेव्हा चालू असलेलं पोकर बंद पडलं आणि २०२५ मध्ये परत आलं.

यावर उपाय म्हणून राज्यांनी आपसात करार केलाय, मल्टी-स्टेट करार म्हणतात, २०१४ मध्ये नेवाडा आणि डेलावेअरने सुरू केला, मग जर्सी, मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया आणि एप्रिल २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया. म्हणजे आता जर्सीतला माणूस डेट्रॉइटच्या माणसाबरोबर एकाच टेबलवर बसू शकतो. फक्त हे ऑपरेटरवर अवलंबून आहे, प्रत्येक कंपनीकडे प्रत्येक राज्याचं लायसन्स नसतं, त्यामुळे साइन-अप करण्याआधी ही साइट कुठली कुठली राज्यं जोडते ते बघा. मोठ्या टुर्नामेंट खेळायच्या असतील तर हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

आता ज्या राज्यांत आपली माणसं खच्चून भरलीयेत तिथलं. कॅलिफोर्नियात कार्डरूम आहेत, सॅन होजेत जाऊन समोरासमोर पोकर खेळणं एकदम कायदेशीर, पण ऑनलाइनचं बिल वर्षानुवर्षं आलं आणि पडलं, कारण ट्राइब्स (कसिनो चालवणाऱ्या मूळ अमेरिकन जमाती), कार्डरूम आणि घोड्यांच्या रेसवाले यांचं एकमेकांत जमलं नाही. टेक्सासमध्ये मेंबरशिप घेऊन जायचे पोकर क्लब दिसतात, पण ऑनलाइनला लायसन्स नाही. इलिनॉय, जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, न्यू यॉर्क, कुठेच ऑनलाइन पोकरचं लायसन्स मिळत नाही. युटा आणि हवाईमध्ये तर सरकारी लॉटरीसुद्धा नाही, तिथे विषयच संपला.

आणि वॉशिंग्टन. इथे थांबून वाचा, कारण रेडमंड, बेलव्ह्यू, सॅमामिशला आपली किती मुलं आहेत ते मला माहितीये. या राज्याने २००६ मध्ये कायदा बदलून इंटरनेटवरचा जुगार क्लास सी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, केला, म्हणजे कागदावर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड, आणि २०१० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरला. घरात बसून खेळणाऱ्याला उचलून नेल्याच्या गोष्टी ऐकू येत नाहीत हे खरं, पण आपल्यापैकी निम्म्यांचे पासपोर्ट भारताचे आहेत आणि "कोणाला पकडत नाहीत" हे सिटिझनच्या तोंडी ठीक आहे, एच-१बी वाल्याच्या नाही. सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्ममध्ये बेकायदा जुगाराबद्दल थेट प्रश्न असतो आणि उत्तर शपथेवर द्यायचं असतं. इमिग्रेशनच्या कायद्यात गुड मॉरल कॅरॅक्टर (सिटिझनशिपसाठी लागणारं चांगलं चारित्र्य) नाकारायची जी कारणं आहेत त्यात मुख्य कमाई बेकायदा जुगारातून असणं आणि जुगाराच्या दोन गुन्ह्यांत दोषी ठरणं ही दोन्ही नावानिशी आहेत. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा पंधरा वर्षं उभं राहायचं आणि पन्नास डॉलरच्या टेबलसाठी ते पणाला लावायचं, मला हे खरंच बघवत नाही.

मग लोक म्हणतात की अरे पण अमुक साइट तर कुठल्याही राज्यात चालते, टेक्सासमध्ये पण उघडते. उघडते, कारण ती परदेशी आहे आणि तिच्याकडे अमेरिकेतल्या एकाही राज्याचं लायसन्स नाही. पैसे बुडाले तर तक्रार करायला जागा नाही. १५ एप्रिल २०११ आठवा, ज्याला पोकरवाले ब्लॅक फ्रायडे म्हणतात, पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या तिन्हींवर न्यू यॉर्कच्या फेडरल वकिलांनी एकाच दिवशी केस टाकली आणि डोमेन जप्त केली. पोकरस्टार्सने पैसे लवकर परत केले, पण फुल टिल्टकडे खेळाडूंचे पैसे बाजूला ठेवलेलेच नव्हते, अमेरिकन खेळाडूंना परतावा मिळायला २०१४ उजाडलं आणि अ‍ॅब्सोल्यूटवाल्यांना २०१७. माझ्या रेडमंडच्या रूममेटचे अशाच एका परदेशी साइटवर सहाशे डॉलर अडकले होते, विथड्रॉअल टाकलं की रोज नवीन कागद मागायचे, शेवटी त्यांनी उत्तर द्यायचंच बंद केलं आणि त्या पोराने नाद सोडला. त्याला सल्ला मीच दिला होता की टाक रे काही होत नाही, ते अजून टोचतं.

लायसन्स आहे की नाही हे साइटच्या तळाला असलेल्या लोगोवर ठरवू नका, लोगो कोणीही चिकटवतो. सरळ राज्याच्या नियामकाच्या वेबसाइटवर जा, तिथे परवानगी असलेल्या ऑपरेटरची यादी असते. जर्सीत डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंट, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि नेवाडात त्या त्या राज्याचं गेमिंग कंट्रोल बोर्ड, डेलावेअर आणि वेस्ट व्हर्जिनियात लॉटरीचं ऑफिस. यादीत नाव नाही म्हणजे ती साइट तुमच्यासाठी नाही, कितीही मोठा बोनस देऊ दे. मिशिगनच्या बोर्डाने २०२४ मध्ये बोव्हाडा या परदेशी साइटला बंद करा म्हणून नोटीस पाठवली होती, म्हणजे मोठं नाव आहे म्हणून कायदेशीर असं अजिबात नसतं.

अजून दोन पळवाटा आपल्या ग्रुपमध्ये फिरतात. एक स्वीपस्टेक्स, ज्यात नाणी विकत घेतली की दुसऱ्या प्रकारची नाणी फुकट मिळतात आणि ती पैशात बदलता येतात. २०२५ मध्ये मोंटाना, कनेक्टिकट, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या सगळ्यांनी याच्यावर बंदीचे कायदे केले, कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा कोणाचा मेसेज वाचून त्यात पैसे टाकू नका. दुसरी पळवाट क्लबवाली अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये नुसत्या चिप्स असतात आणि खरे पैसे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एजंटला झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) जातात, तो त्यातून रेक, म्हणजे खेळ चालवायचं कमिशन, कापतो. हे मला परदेशी साइटपेक्षा वाईट वाटतं. एजंट म्हणजे बहुतेक वेळा ओळखीतलाच कोणीतरी, तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटवर त्याचं नाव दर आठवड्याला दिसतं, आणि बिनलायसन्सचा जुगार चालवणं म्हणून त्याच्यावर कारवाई झाली की तुमचे व्यवहार त्याच फाइलमध्ये सापडणार. घरच्या दिवाळीच्या पत्त्यांची गोष्ट वेगळी, घरमालक काही कापून घेत नसेल तर बऱ्याच राज्यांत मित्रांचा खेळ चालतो, पण सगळ्या राज्यांत नाही, म्हणून तेही एकदा बघून घ्या.

बरं, तुम्ही सहापैकी एका राज्यात आहात आणि वय २१ पूर्ण आहे, आता अकाउंट. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) लागतो, स्वतःचाच. नवऱ्याच्या अकाउंटवर बायकोने किंवा उलट, हे चालत नाही, अकाउंट बंद करतात. मग लोकेशन, फोनवर जीपीएसची परवानगी द्यावी लागते आणि लॅपटॉपवर छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं जे आजूबाजूचं वायफाय बघून जागा ठरवतं. जर्सी सिटीच्या नदीकाठच्या इमारतीत किंवा फिलाडेल्फियासमोर कॅम्डनला असाल तर कधीकधी तुम्ही राज्याबाहेर आहात असं दाखवतं, वायफाय चालू ठेवून खिडकीपासून आत सरकलं की बहुतेक जमतं. ऑफिसचा व्हीपीएन चालू राहिलेला असतो तो आधी बंद करा, आणि मुद्दाम व्हीपीएन लावून दुसऱ्या राज्यातून खेळायचा विचार मनात आणू नका, त्यात जिंकलेले पैसे जप्त होतात. पैसे टाकायला क्रेडिट कार्ड टाळा, बऱ्याच बँका एकतर नकार देतात नाहीतर कॅश अ‍ॅडव्हान्स धरून पहिल्या दिवसापासून व्याज लावतात. सरळ बँक ट्रान्सफर किंवा पेपॅल.

टॅक्सचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लायसन्सवाल्या साइटवर खेळणारे पण फसतात. जिंकलेला प्रत्येक डॉलर उत्पन्न आहे, जिंकल्याची नोंद दाखवणारा डब्ल्यू-२जी फॉर्म येवो न येवो. हरलेले पैसे फक्त आयटमाइझ केलं, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवली, तरच वजा होतात, स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. त्यात जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने २०२६ पासून हरलेल्या रकमेचा ९० टक्केच भाग धरायचा असं केलंय, म्हणजे वर्षभरात २०,००० जिंकले आणि २०,००० च हरले, खिशात काहीच नाही, तरी २,००० वर टॅक्स. म्हणून प्रत्येक सेशनची तारीख, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, हे एक्सेलमध्ये त्याच रात्री लिहा. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असणाऱ्या मुलांचं अजून अवघड, पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही टॅक्ससाठी साधारणपणे नॉन-रेसिडेंट असता, जिंकण्यावर ३० टक्के जातात आणि हरलेलं वजाच करता येत नाही. भारत-अमेरिका करारात विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं पण पोकरच्या जिंकण्याला सूट नाही. खरं सांगायचं तर एफ-१ वर असाल तर पदवी होईपर्यंत पैशाचं पोकर नकोच. आणि नोकरी सोडून यावरच जगायचा विचार करणाऱ्या व्हिसावाल्याने आधी इमिग्रेशन वकिलाला तासाभराचे पैसे द्यावेत.

सुट्टीला भारतात जाताना अकाउंटमध्ये मोठी रक्कम ठेवून जाऊ नका. ही अ‍ॅप तिथे चालणार नाहीत, आणि भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झालाय, पोकर त्यात आलं, त्यामुळे तिथल्याही साइट बंद पडल्या. पुण्यात बसून जर्सीचं अकाउंट उघडायचा प्रयत्न केला तर उगाच सिक्युरिटीचं कुलूप लागतं आणि परत येऊन कागद देत बसावं लागतं.

आणि अकाउंट उघडल्या उघडल्या, पहिला हात खेळायच्या आधी, सेटिंगमध्ये जाऊन आठवड्याची डिपॉझिट लिमिट टाका, लायसन्सवाल्या साइटवर ती सोय असते. हाताबाहेर चाललंय असं वाटलं तर जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात एक किंवा पाच वर्षांसाठी स्वतःला बंदी घालून घेता येते, एकदा अर्ज केला की त्या राज्यातल्या सगळ्याच लायसन्सवाल्या साइट तुम्हाला आत घेत नाहीत. फोनवर बोलायचं असेल तर जुगाराच्या सवयीवर मदत करणारी हेल्पलाइन १-८००-४२६-२५३७, कॉल फुकट आहे आणि व्हिसा कुठला ते कोणी विचारत नाही.