ठोकळे, पूल आणि मनोरे: बालवाडीच्या वयातील अभियांत्रिकी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अभियांत्रिकी शिकवायची म्हणजे त्यांच्यासमोर एक अडचण ठेवायची, हाताशी असलेल्या वस्तूंनी ती सोडवू द्यायची आणि केलेली रचना टिकते की नाही हे त्यांचे त्यांनाच तपासू द्यायचे. म्हणून ‘काहीतरी बांधा’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘या अस्वलाला नदीपलीकडे जायचे आहे, पण पाय भिजता कामा नयेत’ असे सांगावे. अट नेमकी असली की आपली रचना जमली की नाही, हे मोठ्यांना विचारावे लागत नाही.

सुरुवात लाकडी ठोकळ्यांनी करावी. त्यांची मापे एकमेकांच्या पटीत असावीत, म्हणजे दोन छोटे मिळून एक मोठा होतो हे बांधताना आपोआप कळते. १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यानाचा पाया घालणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या साहित्यातही एका घनाचे आठ समान छोटे घन होते. मनोरा कोसळला की लगेच उपाय सुचवू नये. ‘आधी कुठून हलला?’ एवढेच विचारावे. तळ रुंद करणे आणि विटांच्या भिंतीप्रमाणे वरचा ठोकळा खालच्या दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर ठेवणे, या दोन युक्त्या बहुतेक मुलांना थोड्या धीराने स्वतःच सापडतात.

माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा खेळ कागदी पुलाचा आहे. ठोकळ्यांचे दोन सारख्या उंचीचे ढीग साधारण १५ सेंटीमीटर अंतरावर रचून त्यांवर एक साधा कागद आडवा ठेवावा आणि मध्यभागी एकेक रंगखडू ठेवत जावा. कागद लगेच वाकतो. मग तसाच दुसरा कागद घेऊन त्याला पंख्यासारख्या एक-दोन सेंटीमीटरच्या घड्या घालाव्यात व पुन्हा तोच प्रयोग करावा. कागद तेवढाच असूनही आता तो कितीतरी जास्त खडू पेलतो, कारण घड्यांमुळे त्याला उंची मिळते आणि उंची वाढली की वाकण्याला होणारा विरोध वाढतो. घड्या मात्र एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे जाणाऱ्या हव्यात. आडव्या घातल्या तर पूल भात्यासारखा दबतो. ही चूक मुद्दाम होऊ द्यावी, कारण दोन्ही पूल शेजारी पाहिल्यावर कारण सांगण्याची फारशी गरज उरत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलांना कागदी नळ्या आणि मातीचे गोळे देऊन चौकोन व त्रिकोण जोडायला सांगावे. चौकोन कोपऱ्यात ढकलला की कलतो, त्रिकोण आकार सोडत नाही. कललेल्या चौकोनात एक तिरपी नळी बसवली की तोही ताठ राहतो.

उतरणीवरून गाडी सोडण्याच्या खेळात एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी फळीची उंची, मग तिच्यावरचे कापड. दोन्ही एकदम बदलल्यास गाडी कशामुळे लांब गेली हे मुलांना, आणि खरे तर आपल्यालाही, सांगता येणार नाही.

तीन वर्षांखालील भावंड जवळ असेल तर तोंडात जाईल अशी लहान वस्तू साहित्यात ठेवू नये. रचना अपुरी राहिली तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच उभी ठेवावी आणि शेजारी मुलाने काढलेले तिचे चित्र ठेवावे, म्हणजे काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू करता येते.